‘एकच प्याला’मधली सिंधू करतेय. पोलिसांपुढचं वाक्य कसं म्हणू? आणि प्रॉम्प्टर बदलू का?

कृष्णाकाठची

नमस्कार मंडळी. इथं नाटकवाले बरेच दिसतात म्हणून विचारतेय. प्रश्न दोन ओळींचा आहे, पण मागचं सांगितल्याशिवाय कळायचा नाही. जरा दम धरा.

आमचं तालुक्याचं गाव, सांगली जिल्हा. वाचनालयाच्या वर्धापनदिनाला आम्ही हौशी लोक दर वर्षी एक नाटक करतो. यंदा सरांनी (हायस्कूलला मराठी शिकवायचे, आता रिटायर) ‘एकच प्याला’ काढलं. पाच अंक कापून पावणेतीन तासांत बसवलंय, पदं आठच ठेवलीत. सिंधू मी. वय ४६. हसू नका. गावात पेटीबरोबर सुरात गाणारी आणि रात्री दहापर्यंत तालमीला थांबणारी दुसरी बाई मिळाली नाही. आणि बालगंधर्वांनी ही भूमिका पहिल्यांदा उभी केली तेव्हा ते तरी कुठं बाई होते!

ज्यांना नाटक माहीत नाही त्यांच्यासाठी: सुधाकर वकील, हुशार आणि मानी. कोर्टात खटका उडतो, सनद काही महिन्यांसाठी जाते, आणि त्याचाच कारकून तळीराम म्हणतो, एकच प्याला घ्या, बरं वाटेल. तिथून घर बुडतं. सिंधू माहेरच्या पैशाला हात न लावता लोकांची दळणं दळते. शेवटी नशेतल्या सुधाकरच्या काठीनं तान्हं मूल जातं, तिलाही वर्मी लागतं. पोलीस येतात तेव्हा ती मरता मरता सांगते की मी पडले, यांच्याकडं काही दोष नाही.

आता माझं.

आमचे हे एका साखर कारखान्यात शेती खात्यात होते. उसाच्या पट्ट्यातल्या लोकांना लगेच कळेल. हंगाम सुरू झाला की कुणाच्या फडावर ऊसतोडीची टोळी आधी घालायची ते यांच्या वहीवर. ऊस वाळायला लागला की शेतकरी हातघाईवर येतो. पैसे यांनी कधी घेतले नाहीत, हे मी छातीठोक सांगते. पण “साहेब, निदान जेवायला तरी चला” याला नाही म्हणता येत नसे. मळ्यातलं शेड, मटण, भाकरी आणि एक क्वार्टर. सुरुवातीला नोव्हेंबर ते मार्च. नंतर हंगाम संपला तरी जेवणं संपेनात.

एक खूण सांगते. शुद्धीत असले की हे चपला अंगणात कशाही भिरकावतात, एक इकडं, एक पालथी. पिऊन आले की चपला उंबऱ्याशी ओळीत, टाचा भिंतीला लावून. मला कधी तोंडाचा वास घ्यावा लागला नाही. ओळीत चपला दिसल्या की मी ताट झाकून ठेवायची आणि पोराला आतल्या खोलीत झोपवायची.

२०१३ चा डिसेंबर, रात्री अकराचा सुमार. मी कडी काढायला गेले आणि त्याच क्षणी यांनी बाहेरून दार ढकललं. मारायला म्हणून नव्हे. दार अडकलंय असं वाटून, सगळ्या अंगाचा भार टाकून. दाराची कड डाव्या भुवईवर बसली. पाच टाके. टाके घालताना डॉक्टरांनी विचारलं, कसं लागलं? मी म्हणाले, “पाणी सांडलं होतं, घसरले, ओट्याचा कोपरा लागला.” एवढ्यावर थांबायचं की नाही! मी पुढं म्हणाले, “शहाबादी फरशी आहे हो आमची, राखाडी. ओली झालेली कळतच नाही.” डॉक्टरांनी मान हलवली, कागदावर लिहिलं. हे बाहेर बाकड्यावर भिंतीला डोकं टेकून झोपलेले.

हे सगळं सुटून आता ८ वर्षं झाली. आधी पुण्याला ३५ दिवस उपचार, मग एकदा घसरणं, मग पुन्हा उठणं. ते वेगळं पुराण आहे, इथं नको. कारखान्याची नोकरी गेली, आता भावकीतल्या एकाच्या खताच्या दुकानात हिशेब बघतात. संध्याकाळी सात ते नऊ ही वेळ अजून यांना खायला उठते. म्हणून नाटकाचं वाचन झालं आणि यांनीच हात वर करून “मी बुक धरतो” (विंगेतून वाक्यं सांगतो) म्हटलं, तेव्हा मला बरंच वाटलं. माणूस दोन महिने बिझी राहील. प्रॉम्प्टर म्हणून चांगले आहेत. श्वास ओळखतात.

गेल्या मंगळवारी पाचवा अंक उभा केला. पोलीस झालेला पोरगा (एसटीत कंडक्टर आहे, टोपी घालायची सवय म्हणून घेतलाय) पुढं आला, त्यानं विचारलं, आणि माझं वाक्य गेलं. पाठ नव्हतं असं नाही. ती ओळ मला चौदाव्या वर्षापासून पाठ आहे, आजोबा म्हणून दाखवायचे. मी विंगेकडं पाहिलं. हे तिथं पुस्तक घेऊन उभे, बोट ओळीवर, तोंड मिटलेलं. मी बघतेय, ते बघतायत. वर ट्यूबलाइट गुणगुणत होती ती ऐकू यायला लागली. शेवटी सरांनी खालून ओरडून वाक्य दिलं.

तुम्ही म्हणाल, घरी जाऊन विचारायचं ना. त्या रात्रीबद्दल आम्ही कधीच बोललेलो नाही. डॉक्टरांना मी काय सांगितलं ते यांना माहीत नाही. आणि दार आपणच ढकललं हे यांना आठवतं की नाही, ते मला माहीत नाही.

त्यात सरांचं म्हणणं, वाक्य करुण हवं. आवाज फुटायला हवा, “प्रेक्षागृहात एक डोळा कोरडा राहता कामा नये.” माझ्या तोंडून ते रेशन कार्डावरचा पत्ता सांगावा तसं निघतं. सरांना ते रुक्ष वाटतं. पण खोटं मी बोललेय हो, मला माहीत आहे ते कसं बोलतात. झटपट, नीटनेटकं, आणि कुणी न विचारलेला तपशील जोडून.

दुसरी अडचण त्या पदाची, ‘कशि या त्यजूं पदाला’ (हे पाय कसे सोडू?). सूर लागतो, पण शब्दांपाशी मला हसू येतं आणि मग हसू आल्याची लाज वाटते. तिथं पाय म्हणजे पूज्य पाय. मी ते पाय रोज रात्री उचलून पलंगावर ठेवलेत. एक उचलावा तर दुसरा खाली सरकायचा. सॉक्स काढताना हात वर नाकाला लावायचा नाही हे शिकले. सोडून का गेले नाही, या प्रश्नाला माझं एकच एक उत्तर नाही. पोराची दहावी होती. माहेरी भावाचं नवं लग्न होतं. आणि सकाळी चहा घेताना हा माणूस असा काही बोलायचा की वाटायचं, हाच खरा, रात्रीचा कुणी दुसरा. यातलं काय त्या पदात घालू?

तर प्रश्न: (१) ते वाक्य कोरडं म्हटलं तर चालेल का? कुणी तसं केलंय का? (२) प्रॉम्प्टर बदलावा का? प्रयोगाला १९ दिवस उरलेत.

---

जुना_ऑर्गन

ताई, साष्टांग नमस्कार. चाळीस वर्षं संगीत नाटकांना ऑर्गनची साथ केली आहे, म्हणून आगाऊपणा करतो.

आधी पदाचं. नाटककार राम गणेश गडकरी गेले २३ जानेवारी १९१९ ला, विदर्भात सावनेरला, वय अवघं तेहेतीस. हे नाटक त्यांनी रंगमंचावर पाहिलंच नाही. पुढच्याच महिन्यात बडोद्याला गंधर्व नाटक मंडळीनं ते उभं केलं, बालगंधर्वांची सिंधू आणि गणपतराव बोडसांचा सुधाकर. पदं गडकऱ्यांची नाहीत, विठ्ठल सीताराम गुर्जरांची आहेत. म्हणजे तुम्हाला ज्या शब्दांपाशी हसू येतं, ते नाटककाराच्या लेखणीतून आलेच नाहीत. गडकऱ्यांची सिंधू गद्यात बोलते, आणि गद्यात ती बरीच हुशार आहे. नवऱ्याची लाज झाकायला कुणाला काय सांगायचं, भावाला काय, शेजारणीला काय, याचा तिचा हिशेब पक्का असतो. तुम्ही म्हणता ते ‘नीटनेटकं खोटं’ तिच्याच स्वभावातलं आहे.

म्हणून पद टाकू नका, लोक मारतील. पण पसरू नका. आमच्या वेळी या पदाला वन्समोअर यायचा. सिंधू उपाशी, घरात दाणा नाही, आणि बाई तान घेऊन परत समेवर! मीही त्यात सामील होतो, ऑर्गनवर माझेच हात होते. तुम्ही तीन मिनिटांत संपवा. ध्रुवपद धरा, एक अंतरा, ताना नकोत. शब्द बोलल्यासारखे म्हणा. पायांचं जे लिहिलंय ते मनात ठेवून म्हणा, हसू आलं तर येऊ द्या. सुरात हसू आलेलं फार थोड्यांना जमतं.

आणि पट्टी अर्ध्यानं उतरवा. उंच लावलं की आपोआप रडवं होतं.

प्रॉम्प्टरबद्दल एवढंच: चांगला प्रॉम्प्टर नट अडल्यावर शब्द देत नाही, अडायच्या दोन शब्द आधी सोडतो. त्या दिवशी ते चुकले. का चुकले ते तुम्हाला कळलंय. पुढच्या वेळी चुकतील असं नाही.

---

फक्त_आज

वहिनी, मी दारुडा आहे. नऊ वर्षं प्यायलो नाही, तरी ओळख हीच सांगतो, आमच्यात तशी पद्धत आहे.

आधी सरांना एक विचारा. सुधाकर मध्ये एकदा सोडतो, शपथ घेतो, आणि काम मागायला दारोदार हिंडतो. ज्यांनी त्याच्याबरोबर बैठकी केल्या तेही उभं करत नाहीत. मग तो परत पितो. हा भाग कापलाय का? मी पाहिलेल्या दोन्ही हौशी प्रयोगांत कापला होता, “लांबतंय” म्हणून. तो कापला की सुधाकर नुसता राक्षस उरतो आणि सिंधू नुसती गाय. तो ठेवला की कळतं, माणूस दोन बोटं वर आला होता. आमच्या मीटिंगमध्ये म्हणतात की दहावा पेग दारुडा करत नाही, पहिला करतो. अमेरिकेत एए (अल्कोहोलिक्स अनॉनिमस, आम्हा दारुड्यांची संघटना) सुरू झालं १९३५ ला. गडकऱ्यांनी त्याच्या आधी हे नाटकाच्या नावातच लिहून ठेवलंय. आणि तो दुसऱ्या वेळचा पहिला प्याला पहिल्यापेक्षा भयानक असतो, मला विचारा.

तुमच्या सुधाकरला हेही सांगा (झोकांड्या खात असणार, सगळे खातात). सकाळच्या पहिल्या घोटाला हात थरथरतात, म्हणून माणूस पेला दोन्ही हातांनी धरतो आणि तोंड पेल्याकडं नेतो, पेला तोंडाकडं नाही. पहिला घोट घेताना बायकोकडं बघत नाही. दुसरा पोटात गेल्यावर बघतो. तिसऱ्यानंतर तिच्यावर प्रेम उतू जातं. चपलांचं तुम्ही लिहिलंय ते वाचून मी लॅपटॉप बंद करून गच्चीवर जाऊन आलो. मी गाडी अशीच लावायचो. आरसे सरळ करून.

आता प्रॉम्प्टर. एएच्या बारा पायऱ्यांतली नववी पायरी भरपाईची. ज्यांना दुखावलं त्यांच्यापुढं उभं राहायचं, मात्र त्यानं त्यांना आणखी इजा होणार नसेल तरच. मी माझ्या बायकोपुढं मोठी यादी घेऊन बसलो होतो. तिनं ऐकून घेतलं. यादीतलं अर्धं तिला आठवत नव्हतं, आणि तिला जे आठवत होतं ते माझ्या यादीत नव्हतं. तुमच्या घरी बहुतेक तेच आहे. तुमच्या मिस्टरांकडं एक यादी आहे, त्यात ते दार आहे की नाही ते तुम्हाला कळायला हवं. आम्हाला कशाला विचारताय? पण त्यांना काढू नका. न विचारता काढलंत तर ते त्याचा अर्थ लावतील, आणि आमच्या जातीचा माणूस अर्थ लावायला बसला की वाईट.

---

तिरकस

शंभर वर्षांपूर्वीची बाई मार खाऊन नवऱ्याला वाचवते आणि आपण २१ व्या शतकात वर्धापनदिनाला टाळ्या वाजवतो. कमाल आहे. सिंधूनं खरं सांगितलं असतं तर नाटक दहा मिनिटं आधी संपलं असतं आणि गडकऱ्यांचं काही बिघडलं नसतं. करायचीच तर गीता करा, तळीरामाची बायको. नवऱ्याच्या तोंडावर बोलते तरी.

---

कृष्णाकाठची

@तिरकस, तुझं चूक नाही. माझी भाची हेच म्हणते, आणि गीता तीच करतेय, अशी करतेय की तळीराम झालेला आमचा पोस्टमन खरोखर दचकतो. पण खरं सांगितलं असतं तर, हे मी १२ वर्षं मनात घोळवतेय. ते दहा मिनिटांचं काम नाही रे बाबा.

@फक्त_आज, कापला होता. सरांशी भांडून परत घातला. त्या बदल्यात माझं एक पद गेलं. बरं झालं.

---

वडसावाली

ताई, मी झाडीपट्टीतली, म्हणजे पूर्व विदर्भातली. दिवाळी झाली की आमचा सीझन लागते, गावोगावी मंडई (जत्रा) भरते, नाटक रात्री दहा-अकराला सुरू होऊन पहाटेपर्यंत चालते. वडसा म्हणजे देसाईगंज, तिथं आमच्या कंपन्यांची ऑफिसं आहेत. चौदा वर्षं झाली, मी बहुतेक वेळा दारुड्याची बायकोच करते. आमच्याकडं दारूच्या नाटकाला मरण नाही.

आमच्या गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी. तरी थंडीच्या रातीला मंडपात मोहाच्या दारूचा वास येतेच. समोर पाचशे-हजार माणूस बसलेला, त्यात किती प्यालेले आहेत ते मला स्टेजवरून दिसते. सुरुवातीची पाच-सहा वर्षं मी लय रडायची. लोळून रडायची. डायरेक्टर खूश, लोक पाचशेची नोट बक्षीस द्यायचे. अन् सगळ्यांत जास्त रडायचे ते प्यालेले. गमछ्यात तोंड घालून हमसून रडायचे. एका रातीला माझा सीन झाला, मी मागं कनातीआड पाणी प्यायला गेली, तं तेच चार जण अंधारात. डोळे अजून ओले, अन् हातात फुगा (आमच्याकडं प्लास्टिकच्या पन्नीत मिळते). एक जण म्हणते, “ताई, तुमी रडवलं जी आज.” अन् दात लावून पन्नी फोडली.

तेव्हा मले समजलं. मी रडते तं तो रडून मोकळा होऊन जाते. त्याचं काम मी करून देते.

तेव्हापासून मारझोडीच्या नंतरचा सीन मी भांडे घासत करते. सासू विचारते, गाल कायले सुजला? मी म्हणते, दाढ दुखते. अन् ताटली घासते. बस. पहिल्यांदा केलं तं डायरेक्टर चिडला, बक्षीसही कमी आलं, खोटं कायले सांगू. पण मंडप असा चूप होते ना ताई, की जनरेटरचा आवाज येते. तुमच्या ट्यूबलाइटवानी.

कोरडंच म्हणा. अन् तुमचं ते फरशीवालं गडकऱ्यांच्या वाक्यात घालू नका हं, मोह होईल. मनात म्हणा.

दुसऱ्या प्रश्नाचं मी काय सांगू. माझा नवरा मागं बसून लाइट पाहते अन् तो अजून पिते.

---

जुना_ऑर्गन

@वडसावाली, बाई, तुमच्या पायाशी बसून शिकावं असं लिहिलंत. चाळीस वर्षं मी वन्समोअर मोजत होतो.

---

कृष्णाकाठची

मंडळी, प्रयोग झाला. उशीर झाला लिहायला, नंतर आठवडाभर घसा बसला होता. सगळं सांगते.

आधी पेला. @फक्त_आजनं लिहिलेलं मी छापून घेतलं आणि सुधाकर करणाऱ्या पोराला (पतसंस्थेत क्लार्क, सुपारीचंसुद्धा व्यसन नाही) घरी बोलावलं. मी कोरा चहा पातळ करून काचेच्या ग्लासात दिला. तो दोन्ही हातांनी धरून बघत होता, जमेना. शेजारच्या खोलीतून हे आले. “इकडं आण,” म्हणाले, आणि ग्लास हातात घेतला. घेतला तो तसाच धरून उभे राहिले. चहाच तो, वाफ येत होती. मग खाली ठेवला, मोरीत जाऊन हात धुतले, साबणानं, आणि परत येऊन म्हणाले, “त्या काळात काचेचा कुठला? पितळी पेला घ्या, आतला रंग दिसायला नको.” सुधाकरच्या घरी काचेचा असेल-नसेल, मला माहीत नाही. पण आमच्या नाटकात सगळे पेले पितळी झाले. मग रिकाम्या पेल्यानं यांनी त्याला दाखवलं. तोंड पेल्याकडं कसं जातं ते. मी भाजी निवडायला आत गेले.

विचारलं त्याच रात्री. तुमच्या सगळ्यांच्या धाकानं. म्हणाले, “मला ओळ दिसत होती. आवाज निघाला नाही.” मी म्हटलं, दुसऱ्या कुणाला बुक देऊ का? तर म्हणाले, “त्या पानापुरतं नको. तू विसरू नकोस म्हणजे झालं.” याला काय म्हणणार? विसरण्याची जबाबदारी परत माझ्यावरच.

दाराबद्दल मात्र दोघांपैकी कुणी काही काढलं नाही.

प्रयोगाला हॉल भरला होता, मागं लोक उभे. पहिल्या अंकात पेटीची एक पट्टी अडकली, तळीरामाची मिशी दुसऱ्या अंकात निम्मी सुटली आणि त्यानं ती स्वतःच उपटून खिशात घातली. आर्य मदिरा मंडळाच्या (तळीरामाच्या पिणाऱ्या टोळक्याच्या) प्रवेशाला लोक इतके हसले की मला विंगेत राग आला. पद अर्ध्या पट्टीनं उतरवलं, तीन मिनिटं. “या पदाला” म्हणताना मी खाली पाहिलं तर सुधाकरच्या पायात मोजे तसेच, घरून घालून आलेला, अंगठ्याला भोक. हसू आलंच. सुरातच आलं, ऑर्गनकाका. कुणाला कळलं नाही बहुतेक. वन्समोअर आला नाही.

पाचवा अंक. कंडक्टर पुढं आला. त्यानं विचारलं. विंगेतून कागद सरकल्यासारखा आवाज आला, दोन शब्द आधी. मला गरज नव्हती, पण आला. मी ते वाक्य म्हटलं, पत्ता सांगितल्यासारखं. हात भुवईकडं जायला लागला होता, तो पदरात गुंडाळून धरला. हॉलमध्ये कुणी रडलं नाही. पुढच्या रांगेतली एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, चांगल्या खणखणीत आवाजात, “खोटं बोलतीया बघ.” शेजारीण म्हणाली, “मग काय करंल?” आणि त्या दोघींचं ते बोलणं अख्ख्या हॉलनं ऐकलं.

सर आत आले तेव्हा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी फोन करून म्हणाले, एक डोळा कोरडा राहिला नाही असं मी म्हणणार नाही, पण बरोबर होतं. मास्तर माणूस, एवढं पुष्कळ.

घरी येताना स्कूटरवर मी मागं, मांडीवर साड्यांचं बोचकं. ठिगळाचं लुगडं वर होतं, ते वाऱ्यानं उडत होतं म्हणून दाबून धरलेलं. फाट्याजवळ गाडी हळू करून यांनी विचारलं, “त्या डॉक्टरला काय सांगितलं होतंस?”

मी सांगितलं. पाणी, ओट्याचा कोपरा, राखाडी शहाबादी.

बराच वेळ काही नाही. पुढं उसाचा ट्रॅक्टर होता, दोन ट्रॉल्या, त्याला ओलांडून होईपर्यंत काही नाही. मग म्हणाले, “शहाबादी तुझ्या माहेरी. आपल्याकडं तेव्हा लाल कोबा होता.”

खरंच की. कोबाच होता. १२ वर्षांत माझ्या लक्षात आलं नव्हतं.

“आणि दार आत उघडायचं,” ते म्हणाले. “ते मी नंतर बाहेर उघडेल असं करून घेतलं.”